पोस्ट, फॉरवर्ड आणि पोलीस ठाणं: अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि नवे नगरसेवक निवडायला १५ जानेवारी २०२६ उजाडावी लागली. मधली जवळजवळ चार वर्षं वॉर्डातल्या खड्ड्यांबद्दल, गटारांबद्दल, पाण्याच्या वेळांबद्दल ओरडायला लोकांच्या हातात मुख्यतः मोबाइलच होता. त्या काळापासून आमच्याकडे दोन तऱ्हेचे प्रश्न सतत येत आहेत. एक, "हे लिहिलं तर मला त्रास होईल का?" दुसरा, "हे आलंय ते खरं आहे का?" हे दोन्ही प्रश्न एकाच पानावर घेतले आहेत, कारण आमच्या मते ते एकमेकांना धरूनच आहेत. कायद्याने बोलायला जेवढी जागा दिली आहे तेवढी बहुतेक लोक भीतीपोटी वापरत नाहीत. आणि तपासून पाहायची जेवढी सोय आज हाताशी आहे, तीही वापरत नाहीत.

ही सर्वसाधारण माहिती आहे. प्रत्यक्ष गुन्हा दाखल झाला असेल तर वकील गाठा.

१. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे नक्की काय? ते वर्तमानपत्रांसाठी आहे की माझ्या फेसबुकलाही लागू होतं?

तुमच्या फेसबुकलाही. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(अ) ने प्रत्येक नागरिकाला बोलण्याचं आणि विचार मांडण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. पत्रकारांसाठी त्यात वेगळं कलम नाही. वर्तमानपत्रांना मिळतं ते याच कलमातून, म्हणजे तुम्हाला मिळतं तेवढंच. इंटरनेटवरून विचार मांडण्यालाही हे संरक्षण आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या खटल्यात स्पष्ट केलं. इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश जाहीर करावे लागतील, हेही त्याच निकालात आलं.

या स्वातंत्र्याचा सर्वोच्च न्यायालयातला पहिला मोठा लढा मुंबईतून निघालेला आहे. रोमेश थापर यांचं 'क्रॉसरोड्स' हे साप्ताहिक मुंबईत निघायचं. मद्रास सरकारने त्याला आपल्या प्रांतात बंदी केली आणि १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. पुढच्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने बंधनांची यादी वाढवण्यात आली. हक्क आणि बंधन यांची ही ओढाताण प्रजासत्ताकाच्या पहिल्या वर्षापासूनची आहे.

२. मग बंधनं कोणती? "भावना दुखावल्या" एवढ्यावर गुन्हा होतो का?

बंधनांची यादी अनुच्छेद १९(२) मध्ये आहे आणि ती तिथेच संपते: देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. ही यादी एकदा सावकाश वाचा. सरकारची प्रतिष्ठा तिच्यात नाही. नेत्याचा मान नाही. "लोकांना आवडणार नाही" हेही नाही.

भावनांबद्दल भारतीय न्याय संहितेत (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात) दोन कलमं सारखी कानावर येतात. कलम २९९ धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे, पण त्यासाठी कृत्य जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेलं असावं लागतं. कलम १९६ गटागटांत वैर वाढवण्याबद्दल आहे. दोन्हींत हेतू पाहिला जातो. कोणाला तरी राग आला, एवढ्याने ती लागत नाहीत.

राग मोजायचा कुणाच्या मापाने, याचं उत्तर नागपूरच्या न्यायालयात १९४६ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी दिलेलं आहे. शब्दांचा परिणाम खंबीर, धीट, विचारी माणसाच्या नजरेने पाहायचा. प्रत्येक विरोधी मतात धोका दिसणाऱ्या कमकुवत मनाच्या नजरेने नाही. सर्वोच्च न्यायालय आजही याच कसोटीवर येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकांनी अनुच्छेद ३७० हटवण्यावर टीका करणारं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं, त्यावरून वैर वाढवल्याचा गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला, पण ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा नागरिकाला हक्क आहे, असं त्या निकालात निःसंदिग्धपणे म्हटलं आहे.

३. कलम ६६-अ रद्द झालं ना? तरी लोक अजून त्याची भीती घालतात.

रद्द झालं, २४ मार्च २०१५ ला, पूर्णपणे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं हे कलम 'आक्षेपार्ह' ऑनलाइन संदेशांना शिक्षा देणारं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका. तुमच्यावर कुणी हे कलम लावत असेल तर निकालाची तारीख सांगा आणि लेखी द्यायला सांगा.

या कलमाच्या शेवटाची सुरुवात आपल्या शेजारीच झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न केला आणि तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. मजकुरात शिवी नव्हती, धमकी नव्हती. देशभर संताप झाला, पुढे पोलिसांवर कारवाई झाली, त्या मुलींवरची केस बंद झाली आणि दिल्लीतल्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. आज तुम्ही बेधडक लाइक करता, त्यामागे हे सगळं आहे.

४. माझ्या पोस्टबद्दल पोलीस ठाण्यातून फोन आला. लगेच जाऊ का? पोस्ट डिलीट करू का?

आधी फोन खरोखर पोलिसांचा आहे का ते पाहा. नाव, हुद्दा, पोलीस ठाणं विचारून घ्या, फोन ठेवा आणि त्या ठाण्याच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन करा. व्हिडिओ कॉलवर गणवेश दाखवून पैसे मागणारा पोलीस नसतो. 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट कायद्यात नाहीच. तसा फोन आला तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवा.

फोन खरा असेल तर नोटीस लेखी मागा. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, आणि पोस्टवरून लागणारी बहुतेक कलमं याच गटातली, पोलिसांनी साधारणपणे आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये ही नोटीस आहे. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर कारणं नोंदवावी लागतात. महिलांना सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन, न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊनच ती करता येते.

आणखी एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना वरिष्ठांच्या परवानगीने गुन्हा नोंदवण्याआधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. हे आहे याच संहितेचं कलम १७३(३). बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार आली तर हीच वाट घेणं योग्य, असं सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ च्या निकालात सांगितलं. तुमच्या वकिलाला या निकालाची आठवण करून द्या.

पोस्ट घाईने डिलीट करू नका. आधी तारीख, वेळ आणि खालच्या प्रतिक्रियांसकट स्क्रीनशॉट घ्या. बऱ्याचदा पूर्ण मजकूर हाच तुमचा बचाव असतो, कारण तक्रारदाराने एकच ओळ कापून दाखवलेली असते. काढायची की ठेवायची ते वकिलाशी बोलून ठरवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मिळते. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

५. मी बिल्डिंगच्या ग्रुपची ॲडमिन आहे. कुणी काहीही टाकलं तर मला धरणार का?

नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये हे सांगितलं: दुसऱ्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा आधीच ठरलेला समान हेतू होता हे दाखवावं लागतं. तरीही विखारी, हिंसेला चिथावणी देणारा संदेश दिसला तर तो काढा. तसं करायला कायदा भाग पाडतो म्हणून नव्हे. ग्रुपमध्ये तुमच्याच मजल्यावरचे लोक आहेत, म्हणून.

६. सोसायटीच्या हिशेबावर प्रश्न विचारला म्हणून मला ग्रुपमधून काढलं. हा माझ्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला नाही का?

राग रास्त आहे, पण रस्ता दुसरा आहे. मूलभूत हक्क मुळात सरकारसमोर मागायचा असतो. खाजगी ग्रुपमध्ये ठेवायलाच हवं, असा आग्रह त्याच्या आधारे धरता येत नाही. ग्रुप म्हणजे सोसायटी नव्हे, हे मात्र कमिटीलाही ऐकवा. ग्रुपवर टाकलेला ठराव ठराव नसतो आणि तिथे दिलेलं उत्तर हिशेब नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाला हिशेब, सभावृत्तान्त पाहण्याचा आणि शुल्क भरून प्रती घेण्याचा हक्क आहे. सचिवांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि उत्तर आलं नाही तर वॉर्डाच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारून तो वृत्तान्तात नोंदवायला लावा.

हा प्रश्न आम्हाला क्षुल्लक वाटत नाही. दरमहा भरलेल्या मेन्टेनन्सचा हिशेब मागताना ज्याला संकोच वाटतो, तो महापालिकेचं बजेट वाचायला बसेल, अशी आशा धरणं कठीण आहे.

७. मी फक्त पुढे पाठवलं, वर "आलं तसं पाठवलं" असंही लिहिलं. मग जबाबदारी माझी कशी?

तुमचीच. त्या ओळीने कायदेशीर संरक्षण मिळत नाही. तमिळनाडूतल्या एका माजी आमदारांनी महिला पत्रकारांबद्दलचा अश्लाघ्य मजकूर न वाचता फॉरवर्ड केल्याचं सांगितलं होतं. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये खटला रद्द करायला नकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

कायदा बाजूला ठेवू. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. त्याआधी काही दिवस मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश फिरत होते. त्या प्रत्येक संदेशाखाली कुणीतरी "काळजी घ्या, सगळ्यांना पाठवा" असंच लिहिलेलं असणार, चांगल्या मनाने. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून खूपदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. संदेशावर दोन बाण दिसले तर तो असा फिरून आलेला आहे. तो पाठवणाऱ्या तुमच्या मावशीला तो कुठून निघाला हे ठाऊक नसतं.

८. खरं-खोटं तपासायचं कसं? आई-बाबांना सांगता येईल असं सांगा.

त्यांना ॲपची यादी देऊ नका. चार सवयी सांगा.

पहिली, राग किंवा भीती वाटली की थांबायचं. खोटा मजकूर बहुधा याच दोन भावनांसाठी रचलेला असतो.

दुसरी, मुळाशी जायचं. वर्तमानपत्राचं कात्रण आलं तर त्या दिवसाचा त्या वर्तमानपत्राचा ई-पेपर उघडून ती बातमी शोधायची. वाहिनीच्या लोगोसकट ग्राफिक आलं तर वाहिनीच्या स्वतःच्या पानावर ते आहे का पाहायचं. शासन निर्णय आला तर शेवटचा परिच्छेद वाचायचा. खऱ्या जीआरमध्ये तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचं वाक्य असतं आणि त्यात सांकेतांक दिलेला असतो. तो आकडा संकेतस्थळावर टाकला की मूळ प्रत निघते. शाळेच्या सुट्ट्या, पेन्शन, रेशन यांबद्दलचे किती तरी बनावट जीआर या एका पायरीवर उघडे पडतात.

तिसरी, चित्रात काय दिसतं ते नीट बघायचं. दर पावसाळ्यात मुंबई बुडाल्याचे व्हिडिओ येतात. स्टेशनच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत? बस बेस्टची आहे का? रिक्षा दिसते आणि ठिकाण दादर सांगितलंय? मुंबईत रिक्षा वांद्र्याच्या आणि सायनच्या पलीकडेच चालतात, हे तर आपल्याला गुगलपेक्षा आधी कळायला हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवसाचे आणि २९ ऑगस्ट २०१७ चे फोटो "आत्ताचे" म्हणून फिरवले जातात. फोटो गुगल लेन्समध्ये टाकला की जुन्या तारखा समोर येतात. पाण्याची खरी स्थिती महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला १९१६ वर विचारता येते.

चौथी, आवाजावर आणि चेहऱ्यावर भिस्त ठेवायची नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाज हुबेहूब बनवता येतो. नातवाच्या आवाजात पैशांची मागणी आली की फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरवर लावायचा. नेत्याची खळबळजनक क्लिप आली की ते भाषण कुठे, कधी झालं आणि पूर्ण व्हिडिओ कुठे आहे, एवढं विचारायचं. मोठ्या सभेतलं वाक्य एकाच कॅमेऱ्याने टिपलेलं नसतं.

तरीही उलगडा होत नसेल तर फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर यांसारख्या पडताळणी करणाऱ्या संस्था मराठीतही काम करतात. त्यांचंही नुसतं 'खोटं' हे लेबल वाचून थांबू नका. त्यांनी पुरावा काय दिला ते वाचा.

आणि एक घरगुती सूचना. बाबांनी पाठवलेलं खोटं निघालं तर ते फॅमिली ग्रुपवर जाहीर करू नका. बाजूला, एकट्याला सांगा. चारचौघांत चुकीचा ठरलेला माणूस चूक सोडत नाही, आणखी घट्ट धरतो.

९. मोठमोठी वर्तमानपत्रंही चुकतात. मग विश्वास ठेवायचा कुणावर?

चुका सगळ्यांच्या होतात. चूक कळल्यावर काय केलं, त्यावरून विश्वास ठरवा.

आपल्याच शहरातलं उदाहरण घ्या. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी जिंकले. मतमोजणी गोरेगावच्या नेस्को केंद्रात झाली. काही दिवसांनी एका दैनिकाने छापलं की तिथे वापरलेल्या फोनवर आलेल्या ओटीपीने मतदान यंत्र उघडता येत होतं. बातमी देशभर गेली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की मतदान यंत्र कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नसतं आणि त्याला ओटीपी लागत नाही. ओटीपी होता तो मोजलेले आकडे संगणकप्रणालीत भरण्याच्या लॉगिनसाठी. दैनिकाने चूक मान्य करून दिलगिरी छापली.

यातून "सगळं खोटंच होतं" असा निष्कर्ष काढू नका. मतमोजणी केंद्रात उमेदवाराच्या नातेवाइकाने मोबाइल वापरल्याची तक्रार खरी होती आणि त्यावर गुन्हाही नोंदला गेला. ओटीपीने यंत्र उघडण्याची गोष्ट खोटी होती. दोन्ही वेगवेगळं धरून ठेवता आलं पाहिजे. पक्षाच्या समर्थकांना यातलं एकच हवं असतं. नागरिकाला दोन्ही लागतं.

दुरुस्ती छापणारं वर्तमानपत्र म्हणूनच अधिक भरवशाचं. जो यूट्यूबर कधीच चुकत नाही, त्याच्या जुन्या व्हिडिओंतली भाकितं एकदा काढून बघा.

१०. सरकारनेच खोट्या बातम्या ठरवून काढून टाकल्या तर काय बिघडलं?

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातच लढला गेला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियम बदलले. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर 'खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा' आहे असं सरकारनेच नेमलेला पडताळणी कक्ष ठरवणार, आणि तो ठेवणाऱ्या समाजमाध्यम कंपनीचं कायदेशीर संरक्षण (लोकांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारी तिच्यावर न येण्याचं) जाऊ शकणार, असा तो बदल होता. कुणाल कामरा आणि इतरांनी आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ ला न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाला. तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला नियम घटनाबाह्य असल्याचं मत दिलं.

सरकारने खुलासा करायला कुणाचीच हरकत नाही. पीआयबी, म्हणजे केंद्राचं पत्र सूचना कार्यालय, तो करतंच, आणि करावा. वाद होता तो स्वतःबद्दलच्या बातमीचा निवाडा स्वतःच करण्यावर. सरकारचा खुलासा पटला तर लोक तो स्वीकारतील; पण दुसरी बाजू मिटवूनच टाकली तर खुलासा खरा की खोटा हे ताडायला काही उरत नाही.

आणीबाणीत हे आपण पाहिलं आहे. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मुंबईच्या नियतकालिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला तेव्हा १९७६ साली याच उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. सगळ्या वर्तमानपत्रांना एकाच वाऱ्याच्या दिशेने शिडं फिरवायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही, अशा अर्थाचं न्या. मदन यांनी लिहिलं. आणीबाणी चालू असताना!

११. मीम, व्यंगचित्र, स्टँडअप: यात मर्यादा कुठे?

विनोदाला वेगळा कायदा नाही. प्रश्न २ मधली कसोटीच लागू होते. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयापुढे राज्य सरकारला ते कलम कधी लावायचं याच्या मार्गदर्शक सूचना मांडाव्या लागल्या. मे २०२२ पासून जुनं राजद्रोहाचं कलम सर्वोच्च न्यायालयाने स्थगित ठेवलं होतं. न्याय संहितेत आता त्याच्या जागी कलम १५२ आहे. त्याचे शब्दही बरेच मोकळे आहेत, त्यामुळे त्याच्या वापरावर लक्ष ठेवायला हवं.

मार्च २०२५ मध्ये खारच्या एका स्टुडिओची एका विनोदी व्हिडिओवरून तोडफोड झाली. "लोक भडकतील, म्हणून तुम्ही बोलू नका" हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच नाकारलेला आहे. तोडफोडीची धमकी मिळते म्हणून बोलणाऱ्याला गप्प करायचं नसतं. त्याला संरक्षण देणं हे राज्याचं काम आहे.

१२. बिल्डरने तीन वर्षं ताबा दिला नाही. नाव घेऊन लिहिलं तर बदनामीचा खटला करेल का?

करू शकतो. बदनामी हा आपल्याकडे फौजदारी गुन्हाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते वैध ठरवलं आणि न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, सामुदायिक सेवेचाही पर्याय आहे. पण सत्य आणि लोकहित हा बचाव त्याच कलमात आहे. म्हणून करारातली ताब्याची तारीख, महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक, तुम्ही पाठवलेली पत्रं एवढंच लिहा. "चोर", "दरोडेखोर" लिहू नका. शिवी सिद्ध करता येत नाही, तारीख करता येते. आणि पोस्टच्या आधी महारेराकडे तक्रार करा, म्हणजे पोस्टमध्ये तक्रार क्रमांक देता येईल.

१३. माझी पोस्ट कंपनीने काढून टाकली. दाद कुठे मागू?

आधी कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तो नेमणं बंधनकारक आहे. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. सरकारच्या आदेशाने मजकूर अडवला गेला असेल तर तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली असू शकतो. त्याचं आव्हान उच्च न्यायालयात, वकिलामार्फत.

१४. खोटं नाव घेऊन अकाउंट चालवणं गुन्हा आहे का?

टोपणनाव घेणं गुन्हा नाही. दुसऱ्याच खऱ्या व्यक्तीचं नाव-फोटो लावून फसवणं हा गुन्हा आहे. टोपणनावामागे आपण सापडणार नाही असं मात्र समजू नका. तपासात पोलीस कंपनीकडून माहिती मागवू शकतात.

१५. मी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. सरकारच्या धोरणावर लिहू शकते का?

हा खरा अपवाद. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि त्यांत सरकारी धोरणावर जाहीर टीकेला मनाई आहे. खाजगी अनुदानित शाळांना १९८१ ची वेगळी नियमावली आहे, महापालिकेचे नियम निराळे. गुन्हा न होताही शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, म्हणून तुमच्या नियुक्तीपत्रात कोणते नियम लिहिलेत ते आधी पाहा. संघटनेमार्फत निवेदन देणं, शैक्षणिक लेख लिहिणं हे मार्ग सहसा मोकळे असतात. आमचं मत विचाराल तर वर्गात काय घडतं हे शिक्षकांखेरीज कुणाला नीट ठाऊक नसतं आणि त्यांनाच गप्प ठेवणारे नियम बदलायला हवेत. पण ते बदलेपर्यंत तुमची नोकरी आमच्या मताने वाचणार नाही.

१६. निवडणुकीच्या दोन दिवस आधी काय टाकू नये? आणि तक्रार कुठे करायची?

मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचाराला बंदी असते. लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १२६. एक्झिट पोलचे निकाल ठरवून दिलेल्या बंदीच्या मुदतीत प्रसिद्ध करणं हा वेगळा गुन्हा आहे, म्हणून ते फॉरवर्डही करू नका. "मतदानाला चला" म्हणायला केव्हाही हरकत नाही.

लोकसभा-विधानसभेला भारत निवडणूक आयोग असतो आणि त्याच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटो-व्हिडिओसह तक्रार करता येते. महापालिकेची निवडणूक मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो. हा घोळ इतका होतो की पैसे वाटपाची खरी तक्रार चुकीच्या आयोगाकडे जाऊन मतदान उलटून जातं.

१७. कार्यकर्ता म्हणतो, "तुमच्या बिल्डिंगने कुणाला मत दिलं ते आम्हाला कळतं." खरं आहे का?

तुमचं मत त्याला कळत नाही. मत गुप्तच असतं. पण निकालानंतर फॉर्म २० नावाचा तक्ता प्रसिद्ध होतो आणि त्यात मतदान केंद्रानुसार आकडे असतात. एका मोठ्या टॉवरचं स्वतंत्र केंद्र असेल तर त्या टॉवरचा एकूण कल दिसतो, आणि त्यावरून दमदाटी केली जाते. अनेक केंद्रांची मतं एकत्र करून मोजावीत, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात केली होती. ती अमलात आलेली नाही. धमकी मिळाली तर ती लेखी तक्रारीत, तारीख-वेळेसह नोंदवा.

१८. पोस्ट टाकून काहीच होत नाही. त्यापेक्षा काय करू?

पोस्टही टाका, पण आधी कागद मिळवा. महाराष्ट्राच्या माहिती अधिकार कायद्यासाठी ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर अण्णा हजारे उपोषणाला बसले होते. दोन वर्षांनी देशाचा कायदा आला. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो, ऑनलाइनही करता येतो. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून "आमच्या रस्त्याची दुर्दशा" यावर निबंध लिहू नका. रस्त्याचं नाव, कंत्राटाचा कार्यादेश, दोषदायित्व कालावधी (कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत) कधी संपतो, आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मोजमापांच्या नोंदवहीची) प्रत, एवढं मागा. अर्ज वॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे द्या. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील.

२०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातला 'वैयक्तिक माहिती'चा अपवाद रुंदावला आहे. त्यामुळे अधिकाऱ्याचं नाव घेऊन माहिती मागितली तर नकार मिळण्याची शक्यता वाढली आहे. कामाबद्दल, खर्चाबद्दल, कंत्राटाबद्दल विचारा. उत्तर हाती आलं की खड्ड्याच्या फोटोसोबत त्याचं पहिलं पान पोस्टमध्ये लावा. तुमचा पत्ता आणि फोन नंबर त्यावर छापलेला असतो, तो आधी झाका.